वीस वर्षे गाजलेले एफएम स्टेशन आज का अडचणीत आहे?

प्रश्न असा विचारला गेला आहे की, मुंबई-पुण्यात दोन दशकांपूर्वी सुरू झालेली आणि चालू हिंदी गाणी वाजवणारी खासगी एफएम स्टेशने आजही लोकांना नावानिशी ठाऊक आहेत, त्यांच्या जिंगल पाठ आहेत, रिक्षात आणि दुकानात ती अजूनही लागलेली असतात. मग ती आर्थिक ओढाताणीत का आहेत, मोबाइलवर गाणी फुकट मिळू लागली एवढेच त्याचे कारण आहे का, आणि नाव किंवा फॉरमॅट बदलून ती सावरतील का? या धंद्यात मी आधी कार्यक्रम आणि गाणी ठरवण्याच्या आणि पुढे जाहिरात विक्रीच्या बाजूला काम केले आहे. त्यामुळे स्टुडिओतून हा प्रश्न कसा दिसतो आणि महिनाअखेरच्या वसुलीच्या बैठकीतून कसा दिसतो, हे दोन्ही मला सांगता येईल.

माझे उत्तर थोडक्यात असे आहे की मोबाइलने गाणे नेले हे खरे, पण गाणे हे स्टेशनचे भांडवल कधीच नव्हते. गाणी सर्वांकडे तीच होती. भांडवल होते दोन गाण्यांच्या मधल्या जागेत, म्हणजे आपल्याच शहरात बसून आत्ता बोलणाऱ्या माणसात. न टळणारा खर्च भागवण्यासाठी ती मधली जागा आधी जाहिरातींना विकली गेली आणि नंतर तिच्यातला माणूसही कमी केला गेला. उरले ते गाणे, आणि नुसत्या गाण्याच्या बळावर मोबाइलसमोर टिकणे कोणत्याही स्टेशनला शक्य नव्हते.

हे कसे घडले ते पाहायचे तर सुरुवात परवान्यापासून करावी लागते. १९९३मध्ये आकाशवाणीने मुंबई आणि दिल्लीतील आपल्या एफएम वाहिनीवरचे काही तास खासगी कंपन्यांना चालवायला दिले. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला, २०००मध्ये खासगी स्टेशनांसाठी पहिला लिलाव झाला आणि जुलै २००१मध्ये बंगळूरला रेडिओ सिटीच्या रूपाने पहिले खासगी स्टेशन सुरू झाले. मुंबईतील स्टेशने २००२मध्ये आली, पुण्यालाही पहिल्याच टप्प्यात खासगी एफएम मिळाले. या टप्प्यातील परवाना शुल्क जाहिराती मिळोत वा न मिळोत दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणारे होते, आणि त्या ओझ्याने अनेक बोलीदारांनी स्टेशन सुरू करण्याआधीच माघार घेतली. २००५च्या दुसऱ्या टप्प्यात सरकारने ठोक प्रवेश शुल्क आणि उत्पन्नाचा ४ टक्के वाटा अशी रचना आणली, तेव्हा कुठे या धंद्याला श्वास घेता आला. ज्या काळाला आज लोक एफएमचा बहराचा काळ म्हणतात तो मुख्यतः या रचनेनंतरचा आहे, आणि माझ्या मते त्याचे श्रेय जितके कल्पक कार्यक्रमांना आहे तितकेच त्या ४ टक्क्यांना आहे.

त्यानंतर तिसऱ्या टप्प्याचा, २०१५चा लिलाव आला. दिल्लीतील एका फ्रिक्वेन्सीसाठी १६९ कोटी रुपयांहून अधिक आणि मुंबईतील एका फ्रिक्वेन्सीसाठी १२२ कोटी रुपयांहून अधिक बोली लागली. हे आकडे फक्त नव्याने येणाऱ्यांपुरते राहिले असते तर वेगळी गोष्ट होती. पण जुन्या स्टेशनांना पुढच्या पंधरा वर्षांसाठी तिसऱ्या टप्प्यात येण्याकरिता जे स्थलांतर शुल्क भरावे लागले, तेही या भावांशी जोडलेले होते. शिवाय वार्षिक शुल्काचे सूत्र असे ठरले की ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के किंवा त्या शहराच्या प्रवेश शुल्काच्या २.५ टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती भरायची. मुंबईच्या १२२ कोटींच्या हिशेबाने ही किमान रक्कम वर्षाला तीन कोटींच्या पुढे जाते. म्हणजे त्या एका स्टेशनचे उत्पन्न सुमारे ७६ कोटींच्या वर गेले तरच ४ टक्क्यांच्या टक्केवारीला काही अर्थ उरतो. त्याखाली उत्पन्न कितीही घसरले तरी शुल्क घसरत नाही.

आता काळ पाहा. कर्ज काढून, पंधरा वर्षांच्या हिशेबाने, स्टेशनांनी हे पैसे भरले, आणि सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आले. दोन महिन्यांनी नोटाबंदी झाली. २०१७च्या मे महिन्यात बांधकाम प्रकल्पांची नोंदणी सक्तीची करणारा रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला आणि जुलैमध्ये जीएसटी आला. फेब्रुवारी २०१९मध्ये स्पॉटिफाय भारतात आले, मार्चमध्ये यूट्यूब म्युझिक आले. मग २०२०चे लॉकडाउन. या उद्योगाचे जाहिरात उत्पन्न २०१९मध्ये सुमारे ३,१०० कोटी रुपये होते, ते २०२०मध्ये निम्म्याहून खाली आले आणि २०२४पर्यंतही जुन्या पातळीला पोहोचले नाही. खर्चाची बाजू मात्र जवळपास तशीच राहिली. एका शहरातील सर्व खासगी स्टेशने एकाच सामाईक मनोऱ्यावरून प्रक्षेपण करतात. तिथले भाडे, ट्रान्समीटरची वीज आणि देखभाल ही बिले ऐकणारे किती आहेत हे विचारून येत नाहीत.

घसरत्या दराचा श्रोत्याच्या कानावर काय परिणाम होतो, हे एका तासाच्या हिशेबातून सर्वांत स्पष्ट दिसते. प्रत्येक तासाचे एक घड्याळ बांधलेले असते: कोणत्या मिनिटाला गाणे, कुठे आरजेची लिंक म्हणजे निवेदकाचे बोलणे, कुठे ब्रेक, कुठे प्रोमो. जाहिरातीचा दर दहा सेकंदांवर ठरतो. उदाहरणापुरते सोपे आकडे घेऊ. दहा सेकंदांना १,००० रुपये मिळत असताना तासाला १२ मिनिटे जाहिराती लावल्या, तर ७२ एकके विकली गेली आणि ७२,००० रुपये आले. दर ६०० रुपयांवर आला की तेवढेच पैसे मिळवायला १२० एकके, म्हणजे २० मिनिटे विकावी लागतात. त्यात स्टेशनचे स्वतःचे प्रोमो, स्पर्धेच्या घोषणा, 'हा भाग सादर करत आहेत अमुक' अशी प्रायोजकांची नावे यांची सहा-सात मिनिटे धरा. आरजेला चार मिनिटे उरली. गाण्यांसाठी राहिली जेमतेम तीस मिनिटे, म्हणजे सात-आठ गाणी. कोथरूडहून हिंजवडीला निघालेल्या माणसाला एका प्रवासात तीन लांबलचक ब्रेक ऐकावे लागतात, आणि दुसऱ्या ब्रेकला त्याचा हात स्क्रीनकडे जातो. पूर्वी तो हात दुसऱ्या स्टेशनकडे जात असे, तिथून काही मिनिटांत परतही येत असे. आता तो रेडिओतूनच बाहेर जातो, आणि तिथून परत येण्याचे कारण त्याला आपण द्यावे लागते.

विक्रीच्या बाजूने हे थांबवणे किती अवघड असते तेही सांगायला हवे. तिमाही संपत आलेली असते, टार्गेट अपुरे असते, आणि समोरचा क्लायंट म्हणतो की दर तोच राहू द्या पण तेवढेच सेकंद बोनस द्या. विक्री अधिकाऱ्याला बोनस हा फुकटचा वाटतो, कारण वहीत त्याची किंमत शून्य दिसते. खरी किंमत श्रोता मोजतो, आणि ती कोणत्याही अहवालात त्या तिमाहीत दिसत नाही. पुढच्या वर्षी तोच क्लायंट बोनससह पडलेला सरासरी दर हाच मूळ दर धरून बोलणी सुरू करतो. एका शहरात सात-आठ स्टेशने असली आणि त्यांतील एकाने असा सौदा केला, की उरलेल्यांना फार दिवस तग धरता येत नाही. सरकारी जाहिरातींचा आधार मोठा असतो, पण तिथेही पायाभूत दर २०१५नंतर तसाच राहिला होता. ऑक्टोबर २०२३मध्ये तो दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. आठ वर्षांत बाकी सर्व खर्च कुठे गेले हे धंद्यातल्या कोणालाही विचारा.

जाहिरातदारांचे स्वरूपही बदलले. महाराष्ट्रात रेडिओवर जाहिरात करण्याची सवय जुनी आहे, कारण विविध भारतीवर जाहिराती १९६७मध्ये सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूर इथूनच. सराफ, साड्यांची दुकाने, मिठाईवाले, शिकवणीचे वर्ग, बांधकाम व्यावसायिक हा पुण्या-नागपुरातल्या स्टेशनचा कणा होता. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा-दिवाळी हे त्यांचे हंगाम. यांतील बांधकामाचा पैसा रेरानंतर काही काळ आटला, कारण नोंदणी झाल्याशिवाय प्रकल्पाची जाहिरातच करता येत नाही. आजही वीस सेकंदांचा बांधकाम प्रकल्पाचा स्पॉट नीट ऐका: शेवटचे तीन-चार सेकंद महारेरा नोंदणीचा उल्लेख आणि संकेतस्थळाचा पत्ता कानाला पकडता येणार नाही अशा वेगाने वाचला जातो. ज्या माध्यमात प्रत्येक सेकंद विकत घ्यावा लागतो, तिथे जाहिरातदाराला ते सेकंद खुपतात. छापील जाहिरातीत तीच माहिती कोपऱ्यात बसते, इन्स्टाग्रामवर खालच्या ओळीत जाते. दूरसंचार क्षेत्रात दहाच्या आसपास कंपन्या होत्या तेव्हा त्या एकमेकींवर कुरघोडी करण्यासाठी रेडिओवर पैसा ओतत; त्या तीन-चारांवर आल्या आणि तो प्रवाहही रोडावला. छोट्या दुकानदाराला आता पाच हजार रुपयांत आपल्या पेठेपुरती जाहिरात मोबाइलवर चालवता येते आणि किती जणांनी दुकानाचा नंबर दाबला ते संध्याकाळी पाहता येते.

याला आम्ही काय उत्तर देत होतो? मोजमापाची स्थिती अशी होती की रेडिओच्या श्रोत्यांची नियमित मोजणी २००७पासून 'रॅम' नावाने झाली ती फक्त मोठ्या महानगरांत, आणि तीही निवडक लोकांनी डायरीत टिपण करण्याच्या पद्धतीने. पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर या शहरांत तशी अखंड मोजणी कधीच नव्हती. तिथे जाहिरात एजन्सी दरावर, ओळखीवर आणि अंदाजावर खरेदी करत असे. सर्वच माध्यमे अंदाजावर विकली जात होती तोवर हे चालून गेले. समोर दर तासाला बदलणारे आकडे दाखवणारा मोबाइल आल्यावर 'आमचे स्टेशन शहरात नंबर एक आहे' हे वाक्य कितीही खरे असले तरी त्याचा उपयोग संपला. या बाबतीत मी उद्योगालाच जबाबदार धरतो. मोजणीचा खर्च वाटून घेण्यावर आणि मोजणीत खाली आलो तरी ती मान्य करण्यावर स्टेशनांचे एकमत झाले असते, तर आज दराच्या बोलणीत हातात काही तरी असते.

गाण्यांच्या निवडीविषयी श्रोत्यांची तक्रार अशी असते की तीच ती दहा-बारा गाणी वाजतात. ती तक्रार खरी आहे आणि तिच्यामागे एक पद्धत आहे. चालू गाण्यांच्या स्टेशनमध्ये दर आठवड्याला श्रोत्यांना फोन करून गाण्याचा ओळखीचा आठ-दहा सेकंदांचा तुकडा ऐकवला जातो आणि तीन गोष्टी विचारल्या जातात: ओळखले का, आवडते का, आणि कंटाळा आला का. त्या उत्तरांवरून गाणे वरच्या फेरीत, म्हणजे वारंवार वाजणाऱ्या यादीत राहते, खाली येते किंवा काही महिने बाजूला ठेवले जाते. ही पद्धत वाईट नाही. रेडिओवर लोक थोडा वेळ थांबतात, आणि त्या थोड्या वेळात ओळखीचे गाणे लागले तरच ते टिकतात, हे तिचे गृहीतक अनुभवाला धरून होते. पण तिला एक आधार लागत असे: नवे गाणे लोकांना प्रथम रेडिओ आणि टीव्हीवर भेटत असे, मग ते तीन-चार महिने चढत असे आणि वर्षभर टिकत असे. आता लेबल, म्हणजे संगीत कंपनी, गाणे थेट यूट्यूबवर टाकते, त्यातला पंधरा सेकंदांचा तुकडा रीलमधून देशभर फिरतो आणि तीन आठवड्यांत लोकांना नकोसा होतो. आमची चाचणी पूर्ण होऊन गाणे वरच्या फेरीत येईपर्यंत ते कानांना शिळे झालेले असते. मग स्टेशन सुरक्षित मार्ग धरते आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीची गाणी वाढवते. अशाने पस्तिशी-चाळिशीचा श्रोता सुखावतो आणि विशीतला कायमचा जातो. 'चालू गाण्यांचे स्टेशन' अशी ओळख सांगून जुनी गाणी वाजवणे ही स्थिती फार काळ टिकत नाही, कारण जुन्या गाण्यांसाठी विविध भारती आणि खास जुन्या गाण्यांची स्टेशने आधीच असतात.

तरुणांचे संगीत कुठे होते, तेही पाहण्यासारखे आहे. पुण्याच्या वस्तीतून आलेला रॅपर एमसी स्टॅन लाखो मुलांच्या कानांत पोहोचला तो रेडिओशिवाय. त्याच्या बऱ्याच गाण्यांची भाषा खासगी एफएमला लागू असलेल्या आकाशवाणीच्या आचारसंहितेत बसणारी नाही, त्यामुळे ती वाजवता येणार नाहीत हे मान्य. पण ज्या शहरातून तो आला त्याच शहरातल्या स्टेशनांनी रॅपचे इतर स्थानिक कलाकार तरी शोधायला हवे होते.

मराठीविषयी मला अधिक तीव्रतेने वाटते. मुंबई आणि पुण्यातील मोठ्या खासगी स्टेशनांनी हिंदी हाच फॉरमॅट धरला, त्यामागे श्रोत्यांची आवड जितकी होती तितकाच जाहिरात खरेदीदारांचा समज होता. मराठी लागले की स्टेशन 'खालच्या वर्गाचे' वाटेल आणि दर पडेल, ही भीती मी बैठकांमधून उघडपणे बोलली जाताना ऐकली आहे. तो समज २०१६मध्ये 'सैराट'च्या गाण्यांनी खोटा ठरवला. अजय-अतुल यांची ती गाणी हिंदी स्टेशनांनाही वाजवावी लागली. तरीही धडा घेतला गेला नाही. गणपती आणि १ मे आले की मराठी, एरवी नाही, हाच रिवाज राहिला. २०२४मध्ये संजू राठोड यांचे मराठी गाणे रील्समधून महाराष्ट्राबाहेरही पसरले, तेव्हा ज्यांच्या यादीत मराठीला रोजची जागाच नव्हती ती स्टेशने पुन्हा मागून धावली. कोल्हापूरकडे पाहा. तिथे टोमॅटो एफएम हे 'पुढारी' समूहाचे स्थानिक स्टेशन आपल्या शहराच्या बोलीत बोलत आले आहे. मुंबईत हिंदी गाणी हवीत यात वाद नाही, पण गाण्यांमधली बोली तरी शहराची असायला हवी होती.

गाण्यांच्या स्वामित्वशुल्काचा, म्हणजे रॉयल्टीचा मुद्दा अनेकदा चुकीच्या पद्धतीने मांडला जातो, म्हणून त्यावर थोडे. ऑगस्ट २०१०मध्ये कॉपीराइट बोर्डाने ध्वनिमुद्रणांसाठी निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के असा दर ठरवला. तो दहा वर्षे चालला. ३१ डिसेंबर २०२०च्या आदेशाने ही टक्केवारीची पद्धत जाऊन किती तास संगीत वाजले यावर आधारित दर आले. २०१२च्या कायदा दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना दिलेल्या हक्कानुसार त्यांच्या संस्थेलाही स्टेशनांनी शुल्क द्यायला हवे, हे मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३मध्ये स्पष्ट केले. ज्यांनी गाणे लिहिले आणि बांधले त्यांना पैसे मिळायलाच हवेत. स्टेशनांनी त्याला इतकी वर्षे विरोध करायला नको होता असे माझे स्पष्ट मत आहे. अडचण आहे ती पद्धतीची. टक्केवारीत मंदीचा भार लेबल आणि स्टेशन दोघे उचलत, तासांच्या दरात तो एकट्या स्टेशनवर येतो. परवाना शुल्काच्या किमान रकमेसारखाच हा आणखी एक न हलणारा खर्च झाला. इंटरनेटवर स्टेशन न्यायचे तर वेगळे करार करावे लागतात, कारण प्रसारकांना ठरलेल्या शुल्कात गाणी वाजवण्यासाठी कायद्याने मिळणारा परवाना इंटरनेटवरील संगीतसेवांना लागू नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१९मध्ये टिप्स ही संगीत कंपनी आणि विंक हे संगीत ॲप यांच्या वादात दिला आहे.

उत्पन्न घसरते आणि न हलणारे खर्च वाढतात, तेव्हा हलवता येणारी एकच गोष्ट उरते: माणसे. तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने एका कंपनीला आपल्या सर्व शहरांत एकच कार्यक्रम लावण्याची मुभा दिली. आधी रात्रीचे कार्यक्रम मुंबईहून जाऊ लागले, मग दुपारचे, मग शनिवार-रविवारचे. नाशिकच्या स्टेशनात सकाळी एक आरजे आणि संध्याकाळी एक. मधल्या वेळी कुणी तरी आदल्या दिवशी एका तासात बोलून ठेवलेल्या लिंक यंत्र गाण्यांमध्ये पेरत जाते. त्या आवाजाला नाशिकमध्ये आत्ता पाऊस पडतो आहे हे ठाऊक नसते. ब्रिटनमध्ये कॅपिटल या पॉप रेडिओने एप्रिल २०१९मध्ये शहरोशहरीचे सकाळचे कार्यक्रम बंद करून लंडनहून एकच कार्यक्रम सुरू केला, आणि तिथे हा मार्ग चालला, कारण लंडनच्या कार्यक्रमामागे देशभर ओळखीची माणसे आणि मोठे बजेट होते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नुसती काटछाट झाली. ज्या आरजेने दहा वर्षे शहर पायी फिरून ओळखी जमवल्या, तो गेला की त्याच्याबरोबर श्रोतेच नव्हे तर स्थानिक जाहिरातदारही जातात. कारण सराफाला स्टेशनपेक्षा त्या माणसाच्या तोंडून आपले नाव हवे असते. आज तोच आरजे स्वतःच्या इन्स्टाग्राम खात्यावर तेच काम करतो आणि पैसे थेट घेतो.

बातम्यांवरील बंदी हे या सर्वांतले सर्वांत अन्यायकारक बंधन आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फार तर आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावता येते. वर्तमानपत्र, टीव्ही, संकेतस्थळे, कुणाचाही मोबाइल यांना जे चालते ते रेडिओला चालत नाही. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने सप्टेंबर २०२३मध्ये तासाला दहा मिनिटे बातम्यांची परवानगी द्यावी आणि वार्षिक शुल्काचा प्रवेश शुल्काशी असलेला संबंध तोडावा, अशा दोन्ही शिफारशी केल्या. पण शिफारस हाती आली म्हणून स्टेशनवर बातमी सुरू होत नाही. ऑगस्ट २०२४मध्ये मंत्रिमंडळाने निव्वळ ४ टक्क्यांचे सूत्र मंजूर केले ते २३४ नव्या शहरांपुरते. लातूर-चंद्रपूरला येणाऱ्या नव्या स्टेशनला जी सवलत आहे ती मुंबई-पुण्यातील वीस वर्षे जुन्या स्टेशनला नाही.

तरीही बंदीमागे लपण्यात अर्थ नाही, कारण जे करण्याची मुभा आहे तेही फारसे केले जात नाही. वाहतूक, हवामान, परीक्षा-निकाल-प्रवेश, नोकरीच्या जाहिराती, पाणी आणि विजेच्या सूचना, आपत्ती आणि आरोग्याचे इशारे, स्थानिक उत्सव हे सर्व बातम्यांत मोडत नाही असे तिसऱ्या टप्प्याच्या धोरणातच लिहिलेले आहे. २६ जुलै २००५ला मुंबई पाण्याखाली असताना लोक एफएमवर फोन करून कोणता रस्ता बंद आहे आणि कुठे निवारा आहे हे सांगत होते, आणि अडकलेली माणसे तेच ऐकून वाट ठरवत होती. पुण्यात गुरुवारी कोणत्या पेठांत पाणी येणार नाही, अकरावीच्या प्रवेशाची फेरी कधी संपते, म्हाडाच्या सोडतीची मुदत काय, घाटात कोंडी कुठे आहे, हे रोज सकाळी नेमक्या वेळी, जबाबदारीने, त्या-त्या कार्यालयात फोन करून खात्री केलेले सांगायला एक माणूस आणि एक फोन पुरतो. गाणी सुचवणाऱ्या ॲपला हे करता येत नाही. ज्या स्टेशनला बारा मिनिटांऐवजी वीस मिनिटे जाहिराती वाजवायच्या असतात त्याच्या घड्याळात मात्र यासाठी दीड मिनिटही निघत नाही.

ऐकण्याचे साधनही हातून गेले. एके काळी स्वस्त मोबाइलमध्ये एफएम असे आणि इयरफोनची तार त्याचा अँटेना बने. वॉचमन, रिक्षावाले, विद्यार्थी यांच्यापर्यंत रेडिओ असाच पोहोचला. पुढे तारेचे इयरफोन गेले आणि अनेक स्मार्टफोनमधून एफएमही गेले. एप्रिल २०२३मध्ये केंद्र सरकारने मोबाइल कंपन्यांना एफएमची सोय बंद ठेवू नये अशी सूचना दिली, पण सूचनेने जुनी सवय परत येत नाही. मोटारीत पूर्वी किल्ली फिरवली की रेडिओ आपोआप लागत असे. आता पडद्यावर आधी फोन जोडला जातो आणि रेडिओ दोन-तीन बोटांच्या अंतरावर मागे गेलेला असतो.

नाव आणि फॉरमॅट बदलण्याबद्दल विचारले आहे, तर १०४.८ या फ्रिक्वेन्सीचे उदाहरण पुरेसे आहे. २००७मध्ये ती 'म्याव' या नावाने, महिलांसाठीच्या संवादाचे स्टेशन म्हणून आली. ती कल्पना धाडसी होती आणि तिला पुरेसा काळ मिळाला नाही. पुढे त्याच जागी 'ओये' आले, नंतर 'इश्क' आले, आणि जानेवारी २०२५मध्ये ते चालवणाऱ्या टीव्ही टुडे समूहाने एफएमच्या व्यवसायातून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. बिग एफएम चालवणारी कंपनी फेब्रुवारी २०२३मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि नंतर तिची मालकी बदलली. या दोन्ही ठिकाणी कामाची माणसे होती आणि आवाजही चांगले होते. पण परवान्याचा भाव, घसरता दर आणि मोजणीचा अभाव यांवर नव्या नावाचा इलाज चालत नाही.

तिसऱ्या टप्प्यात आलेल्या जुन्या स्टेशनांचे परवाने ३१ मार्च २०३०ला संपतात. त्यामुळे आज जो कुणी अशा स्टेशनचा प्रमुख आहे त्याच्यापुढे दोनच गोष्टी आहेत असे मला वाटते. पहिली, तासाला जाहिरातींची मर्यादा लिहून ठरवणे आणि ती पाळणे. पहिल्या दोन-तीन तिमाहींत उत्पन्न घटेल हे मालकाला आधीच सांगून ठेवणे, कारण अर्ध्या वाटेत माघार घेतली तर न केलेले बरे. दुसरी, वाचलेली मिनिटे गाण्यांना न देता शहराला देणे आणि त्यासाठी सकाळ-संध्याकाळी त्या शहरात राहणारा, तिथली भाषा बोलणारा माणूस माइकवर थेट बोलता ठेवणे. उद्योगाने मिळून करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत: शुल्काची किमान रक्कम काढून टाकण्यासाठी, बातम्यांसाठी आणि पुणे-नागपूरसारख्या शहरांत स्वतंत्र मोजणीसाठी एकत्र राहणे. २०३०च्या नूतनीकरणाचा भाव पुन्हा २०१५च्या बोलींवरून ठरवला गेला, तर मुंबईतील आणखी काही फ्रिक्वेन्सी सोडून दिल्या जातील.